केनियातून लाकडी कोरीवकाम आणि मण्यांचे दागिने परदेशी पाठवताना

थिका_रोड (धागाकर्ती)

मागे दुसऱ्या एका धाग्यावर ओघात लिहून गेले की मी नैरोबीतून जर्मनी आणि इंग्लंडमधल्या छोट्या दुकानांना मण्यांचे दागिने आणि कोरीव लाकडी वस्तू पाठवते. तेव्हापासून व्यनिंची (खासगी निरोपांची) रांग लागली आहे. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते. बहुतेकांनी दोनच गोष्टी विचारल्यात: माल मिळतो कुठे आणि सुटतात किती. पण वस्तू कशाची आहे हे एकानेही विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळा धंदा त्यावर उभा आहे. लाकूड कोणतं, धातू कोणता, मणी काचेचे की हाडाचे, हे बिलावर नावानिशी लिहिता येत नसेल तर भाव कितीही चांगला मिळो, माल बंदरात पडून राहतो आणि भाडं आपल्या डोक्यावर चढतं.

आधी लाकूड. इथलं कोरीवकाम म्हणजे मुख्यतः कांबा लोकांचं. मचाकोस भागातलं वामुन्यू हे त्याचं मूळ गाव. मुटिस्या मुंगे नावाचा इथला माणूस पहिल्या महायुद्धात टांगानिकात (आजच्या टांझानियात) गेला, तिथल्या कारागिरांचं काम बघून शिकला आणि परत येऊन गावात सुरू केलं, असं सांगतात. शंभर वर्षांत ते नैरोबी, मोम्बासा, मालिंदीपर्यंत पसरलं. मोम्बासाला चांगाम्वेत कांबा कारागिरांची मोठी सहकारी संस्था आहे. आपल्याकडच्या माणसाला तिथे गेल्यावर परकं वाटत नाही. सभासद, सभासद क्रमांक, सामायिक शोरूम, सगळं ओळखीचं. ताडपत्रीच्या छपराखाली ओळीने बसलेले कारागीर, पायाच्या अंगठ्यात ठोकळा धरून वाकसाने छिलतायत, बाजूला बायका पॉलिशपेपर मारतायत. घाऊक माल घ्यायचा तर अशा ठिकाणी घ्या. नैरोबीचं मासाई मार्केट वाराप्रमाणे जागा बदलतं आणि नमुने बघायला उत्तम आहे, पण तिथला विक्रेता बहुतेकदा स्वतः कारागीर नसतो. लाकूड कुठलं विचारलं तर तो तुम्हाला हवं ते उत्तर देतो.

आणि सगळ्यांना हवं असतं ते एकच: एबनी. इथे एबनी म्हणून विकतात ते खरं तर म्पिंगो, शास्त्रीय नाव डालबर्जिया मेलॅनोझायलॉन, म्हणजे आपल्या शिसवीचं भावंड. क्लॅरिनेट-ओबो याच लाकडाचे होतात. झाड फार हळू वाढतं, महाग आहे, म्हणून बाजारातल्या बऱ्याच 'एबनी' वस्तू म्हणजे भुरकट लाकूड आणि वर काळं बूटपॉलिश. ओळखायचं कसं? वस्तू उलटी करून तळ बघा, पॉलिश तिथे नीट पोचत नाही. ओला पांढरा रुमाल घासा. नखाने खरवडा. हातात तोलून बघा, म्पिंगो दगडासारखं जड लागतं आणि पाण्यात बुडतं. खऱ्या म्पिंगोच्या वस्तूत बऱ्याचदा एका कडेला पिवळट पांढरा पट्टा असतो, ते बाहेरचं कोवळं लाकूड. नवखं गिऱ्हाईक त्यालाच खोट समजून सोडून देतं.

गंमत अशी की खरं निघालं तरी डोकेदुखी आहेच. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वर्गातली झाडं सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आली. तेव्हा व्यापारी खेपेत एक छोटी मूर्ती असली तरी परवाना लागायचा. नोव्हेंबर २०१९ पासून सवलत मिळाली: तयार वस्तूंमध्ये त्या लाकडाचं वजन खेपेला १० किलोपर्यंत असेल तर सायटीसचा कागद लागत नाही. त्याच्या वर गेलात की लागतो.

दुसरं नाव मुहुगू. किनाऱ्यालगतच्या जंगलातलं सुगंधी, चिवट लाकूड, कोरायला लोण्यासारखं. कित्येक दशकं तेच तोडलं गेलं आणि मोठी झाडं संपत आली. म्हणून निसर्गसंवर्धनवाल्यांनी कारागिरांना कडुनिंब, आंबा, जॅकरांडा, ग्रेव्हिलिया अशा लावलेल्या झाडांकडे वळवायचा उद्योग केला. आपला कडुनिंब भारतातूनच इथे आला आणि किनाऱ्यावर माजला आहे. मी जवळजवळ सगळा माल आता कडुनिंब, जॅकरांडा आणि ऑलिव्हचा घेते. ऑलिव्हची रेषा इतकी देखणी असते की पॉलिशची गरज नाही.

तिसरी गोष्ट ओलेपणा. कारागीर ओलं लाकूड कोरतात, कारण ते मऊ असतं. ते वाळण्याआधी पाठवलं की जर्मनीतल्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या दुकानात, दोन महिन्यांत हत्तीच्या पोटाला तडा. ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र मिळतं, ते घ्याच. मी १२ टक्क्यांच्या वरचा तुकडा पेटीत जाऊ देत नाही. कारागीर हसतात, हसू देत.

दागिन्यांचं वेगळं लिहायला हवं, पण बोटं दुखायला लागली. प्रश्न विचारा, तसतसं लिहीन.

रांगडा_कोल्हापूर

एक नंबर धागा ताई. आमच्या साडूभावाला हॉटेलसाठी सहा फुटी जिराफ पाहिजे, जोडी. विमानाने टाकता येईल का? साधारण किती पडेल? जिराफ हलकाच असतो की, नुसती मानच तर असते.

दर्या_उरण

वाचतोय. मी न्हावाशेवाला कस्टमचं काम बघतो, आफ्रिकेचं थोडंफार येतं.

कोल्हापूरकर, जिराफ हलका असेल, खोका हलका नसतो. कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये काढून ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुमच्या जिराफाचा खोका १८० बाय ४० बाय ३० धरा. भागाकार ४३.२ किलो. जिराफ स्वतः पंधरा किलोचाही नसेल. जोडीचे ८६ किलो. विमान मालवाहतुकीत ६००० ने भागतात, म्हणजे जरा बरं, पण आनंद करण्यासारखं काही नाही. मोठा माल जहाजानेच, दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये. तिथे घनमीटरवर भाडं. पण न्हावाशेवात उतरल्यावरचे किरकोळ दिसणारे खर्च भाड्यापेक्षा जास्त होऊ शकतात हे आधीच सांगून ठेवतो.

रांगडा_कोल्हापूर

साडूला ससा घ्यायला सांगतो.

थिका_रोड

😀 आणि जिराफाचे पाय मोडतात हो. उभ्या पॅकिंगमध्ये तर हमखास. पायांच्या मधल्या पोकळीत कागदाचे बोळे घट्ट कोंबायचे आणि आडवा ठेवायचा. इथले लोक पॅकिंगला लाकडाचा भुसा वापरतात, तो मुळीच चालू देऊ नका. भुशातून कीड जाते आणि बऱ्याच देशांत कृषी तपासणीवाले त्यावरूनच खेप अडवतात. कापलेला कोरा कागद किंवा नालीदार पुठ्ठा वापरा.

दर्याभाऊ, लाकडी क्रेटचं तुम्हीच सांगा.

दर्या_उरण

क्रेट, पॅलेट, खालच्या फळ्या यांना आयएसपीएम १५ चा शिक्का हवा. म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं असलं पाहिजे, किंवा मान्य पद्धतीची धुरी. शिक्का लाकडावरच मारलेला असतो. लोकांचा घोळ इथे होतो: हा नियम पॅकिंगच्या लाकडाचा. आतल्या मूर्तीला तो लागू नाही, तिचे नियम वेगळे, प्रत्येक देशाचे आपापले. ऑस्ट्रेलिया सगळ्यात कडक. साल शिल्लक असलेला एक तुकडा दिसला की सगळी खेप धुरीला, खर्च तुमचा. पुठ्ठ्याचे खोके वापरले तर पॅकिंगची भानगडच मिटते.

एल्बकाठची

धागा वाचून राहवलं नाही. हॅम्बुर्गजवळ माझं छोटं दुकान आहे, आफ्रिका-आशियातल्या हस्तकलेच्या वस्तू ठेवते. म्हणजे मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली. थिका_रोड, दागिन्यांबद्दल लिहा ना. माझा जीव तिथे जास्त अडकतो. लाकडाला तडा गेला तर गिऱ्हाईक कुरकुरतं, पण कानातल्याने कान सुजला तर वकिलाचं पत्र येतं.

थिका_रोड

वा, खरेदीदारच धाग्यावर आली, आता जपून लिहायला हवं.

मण्यांचं काम मुख्यतः मासाई बायकांचं, काजियाडो आणि नारोक भागात. काचेचे मणी मूळचे युरोपातलेच. आधी व्हेनिस, मग बोहेमिया, म्हणजे आजचं चेकिया. चांगल्या कामात अजूनही चेक मणी असतात. स्वस्त मणी एका आकाराचे नसतात, म्हणून गळपट्ट्याच्या ओळी लाटेसारख्या वरखाली दिसतात. शिवाय काहींचा रंग वरून दिलेला असतो. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन मण्यावर घासा. कापूस लाल झाला तर ते मणी युरोपात उन्हाळ्याच्या घामात गिऱ्हाइकाच्या मानेवर उतरणार.

मण्यांपेक्षा मोठं दुखणं धातूचं. कानातल्याचे हूक आणि साखळीचे कडी-फासे इथल्या बाजारात पुडक्यांनी मिळतात आणि त्यात निकेल असतं. युरोपात त्वचेला सतत लागणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा, आणि टोचलेल्या कानात जाणाऱ्या हुकातून तर ०.२ पेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. मी हूक इथले घेतच नाही. चांदीचे किंवा सर्जिकल स्टीलचे मागवते आणि बायकांना देते. एका जोडीमागे खर्च वाढतो, पण तो खरेदीदाराला सांगून वाढवता येतो.

आणि पितळ. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या कार्यशाळांमध्ये जुनी कुलपं, नळाच्या तोट्या वितळवून सुंदर दागिने करतात. भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा, एक मुलगा हाताने पंखा फिरवतोय, मुशीत कुलपाचे तुकडे लाल होऊन एकमेकांत विरघळतायत, आणि ते वाळूच्या साच्यात ओतलं की अर्ध्या तासात बांगडी. पुनर्वापराची ही कथा युरोपात फार आवडते, दुकानदार स्वतःहून कार्डावर छापून घेतात. पण कुलपाच्या आणि नळाच्या पितळेत बहुतेकदा एक ते तीन टक्के शिसं असतं, कारण शिशाने पितळ यंत्रावर सहज कापलं जातं. आणि युरोपात दागिन्याच्या कुठल्याही भागात शिसं वजनाच्या ०.०५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. कॅडमियम ०.०१ टक्के.

एल्बकाठची

बापरे. ही कुलपाची गोष्ट तर मीही कार्डावर छापलीय. निकेलचा अहवाल मी मागते, शिशाचा कधी मागितला नव्हता.

थिका_रोड

मागा. एक्सआरएफ नावाचं बंदुकीसारखं यंत्र असतं, दागिना न तोडता काही सेकंदात धातूंचं प्रमाण दाखवतं. सोनं तपासणाऱ्यांकडे असतंच, मात्र त्यांचं यंत्र इतकं बारीक शिसं दाखवतं का ते विचारून घ्या. मी प्रत्येक ओतीचा एक तुकडा बाजूला ठेवते. तांबं आणि जस्त नव्याने घेऊन पितळ करणारेही कारागीर आहेत, महाग पडतं. युरोपसाठी तेच घेते. जुन्या पितळेच्या वस्तू करायच्याच तर अंगावर न घालण्याच्या करा, दाराच्या मुठी, अडकवायचे हूक वगैरे.

शंकासुर

सगळं छान आहे, पण मूळ मुद्द्यावर कोणी येत नाही. मी युरोपातल्या दुकानात ऑलिव्हच्या लाकडाची सॅलडच्या चमच्यांची जोडी २० युरोला पाहिलीय. कारागिराला त्यातले किती मिळतात? दोन? मासाई बाई उन्हात डोळे फोडून मणी ओवणार, तुम्ही नैरोबीत बसून कार्ड छापणार आणि हॅम्बुर्गला मलई. वसाहतवाद संपला असं कोण म्हणतं?

थिका_रोड

शंकासुरा, चिडण्यासारखं आहे हे मान्य. तुमच्याच चमच्यांचा हिशेब मांडते, आकडे समजण्यापुरते गोल केलेत. कारागिराला जोडीचे ३०० शिलिंग. फेरपॉलिश, मधमाशांचं मेण, कार्ड, खोका ८०. वाहतूक, कागदपत्रं, कस्टम एजंट, बँक यांचा वाटा २००. तुटफूट आणि परत आलेला माल ४०. मला १८०, ज्यात ऑफिस, एक मदतनीस, आणि उशिरा आलेल्या पैशांचं व्याज. घाऊक भाव ८००. दुकानदार त्याच्या दुप्पट-अडीचपट लावतो, म्हणजे १६०० ते २०००. तुमच्या २० युरोत शहरातलं भाडं जास्त असेल, पण साचा हाच.

आता यात कारागिराचे ३०० चे ४०० करणं सगळ्यात सोपं आहे. दुकानातला भाव त्याने फार हलत नाही. मी ते करते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निम्मे पैसे आगाऊ देते. कारागिराची खरी अडचण लाकूड विकत घ्यायला पैसे नसणं ही आहे. मग तो दलालाकडून उचल घेतो आणि माल त्याच दलालाला त्याच्याच भावाने द्यावा लागतो. ऊसतोडीची उचल माहीत असलेल्यांना जास्त सांगायला नको. आगाऊ पैसे एम-पेसावर थेट त्याच्या फोनवर जातात, मध्ये कोणी येत नाही.

मासाई बायकांच्या बाबतीत तुमचं म्हणणं जास्त खरं आहे. नगावर मजुरी, आणि रुंद गळपट्ट्याला किती दिवस गेले हे कोणी विचारत नाही. खरेदीदार म्हणतो 'हेच, पण थोडं स्वस्त', की ओळी कमी होतात किंवा मणी हलके होतात.

एल्बकाठची

मलईचं माझ्याकडून ऐका. २० युरोतले तीनेक युरो तर १९ टक्के व्हॅटमध्येच गेले. उरलेल्यात भाडं, वीज, आणि न विकले गेलेले मुखवटे, जे माझ्याकडे बघत बसतात. तरी शंकासुरांचा राग मला पटतो. माझ्या दुकानात कारागिराचं नाव कार्डावर असलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, नसलं की करतं.

दारचा_पाहुणा

दार-एस-सलामला असतो. नावाचा मुद्दा शंभर टक्के. इथे म्वेंगेला मूर्तिकारांची वसाहत आहे, बरेचसे माकोंडे, मूळ दक्षिण टांझानिया आणि मोझांबिकच्या मुएडा पठारावरचे. 'उजामा' म्हणजे एकाच ओंडक्यात एकावर एक गुंफलेली माणसं, आणि 'शेतानी' म्हणजे वाकड्यातिकड्या भुताखेतांच्या आकृत्या, या दोन्ही शैली जगात गेल्या त्या इथून. १९५०च्या दशकात मोहम्मद पीरा या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याने या कारागिरांना बाजार मिळवून दिला. शेतानी शैली ज्याच्या नावावर आहे तो समाकी लिकांकोआ त्याच्याच संपर्कातला. पुढे जॉर्ज लिलांगासारख्यांचं काम युरोप-अमेरिकेतल्या प्रदर्शनांतून गेलं. तेच लाकूड, तीच हत्यारं, पण एकाला आठवणीची वस्तू म्हणून भाव मिळतो आणि सही असलेल्याला शिल्प म्हणून.

कस्टममध्येही फरक पडतो. दर्याभाऊ सांगतील.

दर्या_उरण

कस्टममध्ये मालाच्या प्रत्येक प्रकाराला वर्गवारीचा क्रमांक असतो: लाकडी मूर्ती साधारणतः ४४२० मध्ये, खोटे दागिने ७११७, मूळ शिल्पकृती ९७०३. सही असली म्हणून ९७०३ होत नाही हो. त्याच धर्तीच्या शंभर मूर्ती खोक्यात असतील तर अधिकारी ४४२० च लावणार. अतिहुशारी करायला गेलात की पुढच्या प्रत्येक खेपेला खोका उघडतात.

जुनेर

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. 'जुना आदिवासी मुखवटा' म्हणून विकायचा मोह कृपया टाळा. नवा असेल तर ती फसवणूक, आणि खरंच जुना असेल तर भलतंच प्रकरण. केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंदा लोक पूर्वजांच्या स्मृतीसाठी कोरीव खांब उभे करतात, त्यांना विगांगो म्हणतात. आपल्याकडचे वीरगळ उचलून दिवाणखान्यात ठेवावेत तसे हे चोरून अमेरिकेत विकले गेले. नंतर संग्रहालयांवर परत करायची वेळ आली, डेन्व्हरच्या संग्रहालयाने ३० विगांगो केनियाला परत केले. बाजारात 'पुरातन' म्हणून झिजलेला खांब कोणी दाखवला तर फोटोही काढू नका.

थिका_रोड

जुनेर, +१. तसंच हस्तिदंत, कासवाची पाठ, शहामृगाची पिसं, साळिंदराचे काटे असं काही एका दागिन्यात दिसलं तरी तो माल हातात घेऊ नका. 'हे जुनं आहे, कायद्याआधीचं आहे' असं ऐकवतात. हस्तिदंताच्या व्यापाराला १९८९ मध्ये बंदी आली आणि केनियाने २०१६ मध्ये १०५ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळलं. या देशात त्या विषयावर गंमत चालत नाही.

जर्सीची_जाई

मी न्यू जर्सीत. ओळखीच्या एका बाई नैरोबीहून थेट पोस्टाने छोटी पार्सलं पाठवायच्या, इथे काही कर लागायचा नाही. आता अचानक प्रत्येक पार्सलवर पैसे मागतात. असं का?

दर्या_उरण

पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत विनाशुल्क जायचं. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. आफ्रिकी मालाला अमेरिकेत शुल्कमाफी देणारा २००० सालचा अगोआ कायदा, त्याचीही मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली होती. त्यानंतरच्या घडामोडी रोज बदलतायत, म्हणून अमेरिकेचा भाव कळवताना शुल्क वेगळं दाखवा आणि भाव किती दिवसांपुरता ते लिहा. एकेक कानातलं थेट गिऱ्हाइकाला पाठवण्यापेक्षा तिथल्या एका दुकानाला महिन्याची एक खेप परवडेल.

युरोपचं उलट आहे. केनिया आणि युरोपीय संघाचा आर्थिक भागीदारी करार १ जुलै २०२४ पासून लागू आहे, इंग्लंडशी २०२१ पासून. उत्पत्तीचा पुरावा नीट असेल तर शुल्क नाही, व्हॅट मात्र आहेच.

थिका_रोड

युरोपला लाकूड पाठवणाऱ्यांनी जंगलतोडविरोधी नियमाकडेही लक्ष ठेवा. ४४२० त्यात आहे. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेलीय, पण येणार हे नक्की. त्यात नुसतं झाडाचं नाव पुरत नाही, ते कुठल्या जमिनीवर तोडलं त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. जंगलातल्या मुहुगूचं कोण सांगणार? शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाचं किंवा जुन्या आंब्याचं सांगता येतं. मी आतापासून कारागिरांना झाड तोडण्याआधी फोनवर फोटो आणि जागा पाठवायला सांगते. काहीजण पाठवतात, काहीजण विसरतात, एकाने झाडाऐवजी स्वतःचाच फोटो पाठवला.

चितारआळी

सावंतवाडीहून. आमच्याकडे लाकडी खेळणी, फळं, पाट करतात. पांगाऱ्याचं लाकूड असतं. हे सायटीस वगैरे आम्हालाही लागू होतं का? आणि शिसवीचे देव्हारे?

दर्या_उरण

पांगारा त्या यादीत नाही, निश्चिंत राहा. शिसव, शिसम दोन्ही डालबर्जियाच, म्हणजे लागू. पण २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत भारताने शिसमच्या वस्तूंसाठी १० किलोंची मर्यादा अख्ख्या खेपेऐवजी एकेका वस्तूला धरायची हे मान्य करून घेतलं, आणि त्यात फक्त लाकडाचं वजन, धातूचं नाही. देव्हारा १० किलोच्या वर जाईल, तो परवान्याने. खेळण्यांच्या रंगाचं मात्र बघा. लहान मुलांच्या वस्तूंना रंगातल्या शिशाचे नियम दागिन्यांहून कडक आहेत.

पेठकर

मला पुण्यात विकायचंय, हिंजवडी-बाणेरच्या लोकांना. केनियापेक्षा टांझानियातून आणणं स्वस्त पडेल का?

दर्या_उरण

शुल्काच्या दृष्टीने, हो. भारताने २००८ पासून अल्पविकसित देशांच्या बऱ्याच मालाला शुल्कसवलत दिलीय. टांझानिया, मोझांबिक त्यात आहेत, केनिया अल्पविकसित यादीत नसल्याने नाही. उत्पत्तीचा दाखला त्या योजनेच्याच नमुन्यात हवा. तुमच्याकडे आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी नंबर नसेल तर आधी तो काढा. आणि म्पिंगो असेल तर मागवण्यापूर्वी एजंटशी बोला, माल निघाल्यावर नको.

दारचा_पाहुणा

पेठकर, म्वेंगेतून घेणार असाल तर एक सुचवतो. मोठ्या उजामा मूर्तींच्या नादी लागू नका. वजन, सायटीस, तडा, सगळं एकदम अंगावर येतं. दीड वीत उंचीच्या मूर्ती घ्या. पुण्यातल्या फ्लॅटात तेवढीच जागा असते.

शंकासुर

कारागिराला निम्मे आगाऊ देता म्हणालात. पैसे घेऊन माल दिलाच नाही असं होत नाही?

थिका_रोड

होतं. पण एखाद्याने आजारपणात पैसे खर्च केले तर तो पुढच्या खेपेला फेडतो. संस्थेमार्फत घेतलं तर सभासदाची जबाबदारी संस्था घेते, म्हणून नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. उलट मोठा धोका खरेदीदाराच्या बाजूने असतो. परदेशातल्या एका दुकानाने माझा माल विकला आणि दुकान बंद करून टाकलं, पैसे गेले ते गेले. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडून ५० टक्के ऑर्डरबरोबर आणि उरलेले जहाजाची बिल्टी दाखवल्यावर, मगच मूळ कागद सोडायचे. पतपत्र (बँकेने दिलेली पैशांची हमी) एवढ्याशा रकमेला परवडत नाही, बँकेचाच खर्च नफा खातो.

एल्बकाठची

मी पण ५०-५० देते, वेळेवर देते, नोंद असावी. एक शेवटचं: गाईच्या शिंगाचे आणि हाडाचे मणी येतात ना, काळे-पांढरे, त्यांचं काय?

थिका_रोड

शिंग आणि हाड खाटिकखान्यातलंच असतं, बेकायदा काही नाही. पण बिलावर नुसतं 'हाडाचे मणी' लिहू नका. अधिकाऱ्याच्या मनात पहिला संशय हस्तिदंताचाच येतो. 'गाईचं हाड, उकळून स्वच्छ केलेलं, पॉलिश केलेलं' असं पूर्ण लिहायचं आणि मागितलं तर पशुवैद्यकीय दाखला तयार ठेवायचा. नीट उकळलं नसेल तर उष्णतेत वास येतो, तेव्हा नमुना दोन दिवस बंद डबीत ठेवून मग उघडून बघा. पांढऱ्यावर काळी नक्षी असते ती मेण लावून रंगात बुडवून काढतात. तो रंग पक्का आहे का, तेही त्याच कापसाने बघायचं.

कुलपाच्या पितळेचा अहवाल तुम्हाला व्यनिने पाठवते. कार्डं फेकू नका, आधी आकडे बघा.